गार खोलीतले टोमॅटो

टोमॅटो खालून पिकत जातो. देठाकडचा भाग शेवटपर्यंत हिरवा राहतो आणि पहिला रंग उतरतो तो तळाशी, जिथे फूल गळून गेल्याचा बारीक ठिपका असतो. म्हणून धाकटी हरितगृहात शिरली की आधी उकिडवी बसायची आणि ओळीतले एकेक फळ तळहातावर तोलून खालून बघायची. आज कोपऱ्यातल्या रोपाच्या पहिल्या घोसात एका फळाच्या तळाशी तिला नखाएवढा डाग दिसला. पिवळसर.

नको होता नेमका तोच रंग. मग तिने स्वतःलाच दटावले. लाल टोमॅटोही सुरुवातीला असाच फिकट दिसतो. आधी हिरवे द्रव्य मोडू लागते, त्याखाली झाकलेले पिवळे उघडे पडते आणि लाल मागाहून भरते. हे ती काम करायची त्या भाजीपाला संशोधन केंद्रात तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. फळे पिकतात कशी, एवढ्या एकाच प्रश्नावर तिची सारी नोकरी चालली होती.

पण पुढच्या दोन-तीन दिवसांत डाग पसरत अर्ध्या फळावर आला तरी पिवळाच राहिला. शेजारच्या फळाचेही तेच. मग मात्र गप्प राहण्यात अर्थ नव्हता. त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या, हातपाय न धुताच, ती ताईच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"रंग यायला लागलाय," ती म्हणाली.

ताई उशीला टेकून बसली होती. तिने चष्मा काढला. "कुठला?"

सारे काही या एका प्रश्नावर अडले होते, आणि तसे ते ताईनेच मुद्दाम अडवून ठेवले होते. ताईचे आयुष्य टोमॅटोचे संकर करण्यात गेले. या शेवटच्या संकरात तिने आई घेतली पिवळ्या फळाची आणि बाप घेतला लाल फळाचा. पिवळेपण दबून राहणारे असते. बापाकडून लाल आले की ते दिसतच नाही. म्हणजे संकर साधला असेल तर सगळी पोरे लाल निघणार. साधला नसेल, आईच्या फुलाने स्वतःचेच पराग घेतले असतील, तर पोरे आईसारखी पिवळी. फळ पिकेपर्यंत मात्र रोपांवरून काही म्हणता काही कळत नाही. पाने तीच, फुले तीच, वासही तोच.

या बापाला केंद्रात सगळे 'म्हातारा' म्हणत. गोदामातल्या एका गंजक्या डब्यात त्याचे बी सापडले होते, इतके जुने की पेरलेल्यातले एकच उगवले. त्या एका रोपाच्या मुळांना मर रोग शिवत नव्हता. केंद्राच्या आसपासची सगळी माती मर रोगाने अशी नासली होती की टोमॅटोचे रोप लावावे आणि फळे धरायच्या सुमारास त्याने उभ्या उभ्या मान टाकावी. लोकांनी टोमॅटोचा नादच सोडला होता. हरितगृहातली रोपे तेवढी बाहेरून आणलेल्या निरोगी मातीत तगत. ताई केंद्रातून निवृत्त झाली तेव्हा तिथल्या साहेबांच्या मागे लागून तिने एक हरितगृह मागून घेतले ते या म्हाताऱ्यासाठी. त्याला फुले आली. तिने त्याचे पराग पिवळीच्या फुलांना लावले. आणि पाठोपाठ करपा आला. मर रोगाला दाद न देणाऱ्या म्हाताऱ्याला करप्याने बघता बघता काळे केले. त्याच्या अंगावरची फळे गोट्यांएवढी होती, आत बी धरलेले नव्हते. फांद्या छाटून रुजवायला घातल्या, त्याही सडल्या. आता म्हातारा कुठे शिल्लक असलाच, तर पिवळीच्या बियांतून उगवलेल्या त्या दोन ओळींत.

"एका रोपात निघाला तरी पुष्कळ झालं," ताई म्हणायची. "मला एक लाल फळ द्या. पुढचं मी बघते."

"पिवळा," धाकटी आता म्हणाली. "पण रंग अजून कोवळा आहे."

ताईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यासाठी तिला दोन्ही हात लागत, आणि काडी कानामागे बसेपर्यंत हात हवेत थरथरत राहात. "आत गरम किती होतंय?"

"दुपारी चाळिशीला टेकतं."

"मग? बत्तीसच्या वर गेलं की लाल रंग तयारच होत नाही, हे तूच सांगत फिरतेस ना जगाला? माझ्या पोरांच्या वेळेस बरी विसरलीस."

"विसरले नाही. शेजारच्या ओळीतले आपले नेहमीचे लालसुद्धा नारिंगीवरच थांबलेत."

"झालं तर."

खरेच तसे होते. उन्हाच्या काहिलीत फळ मऊ पडते, हिरवे जाते, पिवळे राहते आणि लाल द्रव्य बनवणारी साखळी मध्येच ठप्प होते. तेच फळ गार जागी आणले की काम पुन्हा सुरू होते. धाकटीने यावर निबंध लिहिले होते. तरी ताईच्या तोंडून ऐकताना तिला आपल्याच विषयावर नव्याने विश्वास बसल्यासारखे झाले.

"माझ्या खोलीत आणून ठेव," ताई म्हणाली. "इथला एसी काय माझ्या एकटीच्या हाडांसाठी आहे?"

दुसऱ्या दिवशी धाकटीने माळीमामांना हाताशी घेऊन फळे खुडली. भरलेली हिरवी फळेच हवी होती. कोवळे फळ गार खोलीत काय किंवा कुठेही काय, धड पिकत नाही, नुसते सुरकुतते. फळ भरले की नाही ते वरून कळायला कठीण, म्हणून प्रत्येक रोपाचे एक फळ ती कापून बघत होती. आतला गर दाटसर बुळबुळीत झाला असेल तर सुरीखाली बी कापले जात नाही, बाजूला निसटते. जिथे बी निसटले तिथली जोडीदार फळे तिने घेतली आणि देठाला रोपाची चिठ्ठी बांधली.

"कुठे निघाली वरात?" माळीमामांनी विचारले. खोकी त्यांच्याच डोक्यावर होती.

"ताईच्या खोलीत. गारव्याला."

"मज्जा आहे. तीस वर्षं मी या उन्हात भाजतोय, मला नाही कुणी म्हटलं, मामा या, जरा गारव्याला बसा."

"तुम्ही पिकलाच आहात, मामा."

"पिकलो नाही, करपलोय," मामा म्हणाले आणि खोकी सावरत पुढे झाले.

ताईने पलंगाशेजारचे टेबल रिकामे करवून घेतले होते. प्रत्येक खोक्यात धाकटीने एकेक पिकलेले सफरचंद ठेवले. पिकते फळ आपल्या अंगातून इथिलीन वायू सोडते आणि त्या वायूने जवळची हिरवी फळे जागी होतात. एकदा जागी झाली की ती स्वतःच तो वायू सोडू लागतात, आणि मग मागे फिरता येत नाही. ताईला यात नेहमी गंमत वाटायची. "मी पोरं जन्माला घालते," ती पाहुण्यांना सांगायची, "आणि ही आमची धाकटी त्यांना म्हातारपण आणते. एकाच आईच्या पोटच्या आम्ही."

धाकटीने शेवटचे खोके टेबलावर ठेवले तशी ताईने मान उंचावली. "यात कुठली?"

"शेजारच्या ओळीतली. नेहमीची लाल. तुलनेला."

"माझ्या फळांवर पोलीस बसवतेस?"

"ताई, ही लाल झाली आणि ती नाही झाली, तरच काही कळेल. नाहीतर आपण म्हणत राहू की खोली पुरेशी गार नव्हती."

"म्हणू दे की," ताई म्हणाली. ती हसत होती, पण तिने हात चादरीखाली घेतले. धाकटीने तुलनेचे खोके इतर खोक्यांच्या ओळीत, अगदी त्यांना चिकटवून ठेवले.

बाहेर डांबर वितळत होते आणि त्या खोलीत दोघी बहिणी शाली पांघरून बसत. ताई पुस्तक उघडून बसायची, पण पानाऐवजी खोक्यांकडे बघायची. सकाळी धाकटी दिवा लावून एकेक फळ उलटे करी. पहिल्यांदा सगळ्यांचे तळ सारखेच फिकट झाले, तेव्हा ताईने चहा मागितला आणि बिस्किटही मागितले. त्यानंतर तुलनेच्या फळांवर गुलाबी छटा चढली. एका रात्रीत ती चढली, आणि दोन-तीन दिवसांत ती फळे भडक, गुळगुळीत, दुकानात मांडावीत अशी लाल होती. चिठ्ठ्या बांधलेली फळे पिवळी झाली. चांगली गडद, सोन्यासारखी पिवळी. गारव्याने त्यांचा रंग उलट जास्तच खुलला होता.

धाकटीने एक लाल आणि एक पिवळे फळ ताईच्या मांडीवर ठेवले.

"ही कितव्या रोपांची?" ताईने विचारले.

"कोपऱ्यापासूनची. निम्मी झाली असतील."

"मग निम्मी आहेत अजून." ताईने लाल फळ बाजूला सारले. "हे घेऊन जा इथून. टुकूटुकू बघतंय माझ्याकडे."

उरलेल्या रोपांची फळे जसजशी भरली तसतशी धाकटी आणत गेली. प्रत्येक खेपेला ती तुलनेची फळेही आणायची आणि ताई प्रत्येक खेपेला त्यांच्याकडे पाठ करून झोपायची. लाल लाल होत होते, पिवळे पिवळे. साऱ्या खोलीत पिकल्या टोमॅटोचा गोडसर वास कोंदला. ताईचे जेवण कमी झाले. "या वासानंच पोट भरतं," ती म्हणे. माळीमामा खोकी पोहोचवायला येत तेव्हा आता थट्टा करत नसत. दाराशीच चपला काढून उभे राहात, खोके टेकवत आणि "येतो ताई" म्हणून निघून जात.

संकर चुकला कसा, हे धाकटीच्या डोक्यातून जात नव्हते. ताईचा हात त्या कामात इतका बसलेला होता की इतर केंद्रांतली माणसे बघायला येत. आणि रोपे लहान असतानाच धाकटीने विचारले होते, "दोन पानं प्रयोगशाळेत पाठवू या का? लगेच कळेल." तेव्हा ताई फटकन म्हणाली होती, "माझा संकर आहे तो. फळ सांगेल." धाकटीला तेव्हा तो ताईचा ताठा वाटला होता.

एके दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, ती ताईला हाताला धरून हरितगृहात घेऊन आली. "मला संकर करायला शिकव," ती म्हणाली. "इतकी वर्षं शेजारी राहून मला एक फूल धड उघडता येत नाही."

ताईला बरे वाटले. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं. तुझे हात म्हणजे खोरी," ती म्हणाली, पण स्टुलावर बसली आणि पिशवीतून स्वतःचा बारीक चिमटा काढून तिने धाकटीला दिला. शेजारच्या ओळीत फुले होती. "टोमॅटोचं फूल म्हणजे एकलकोंडं घर. नर आणि मादी आतल्या आतच. नराची नळी मादीभोवती असते. पराग सुटायच्या आधी ती नळी काढून घ्यायची, मादीला धक्का लागू द्यायचा नाही. मग बाहेरचे पराग लावायचे. इतकंच."

"कुठली कळी घेऊ?"

धाकटीचा हात पुस्तकात वाचलेल्या कळीकडे गेला होता. हिरवट, मिटलेली, पाकळ्या जेमतेम बाहेर डोकावणारी.

"ती नको," ताई म्हणाली. "ती हाती लागत नाही. तुटते. ही घे."

तिने बोट दाखवले ती कळी चांगली मोठी होती. पाकळ्या पिवळ्याधमक, टोके सुटून मागे वळू लागलेली. चिमटा सहज आत गेला. नराची नळी अलगद निघाली आणि चिमट्याच्या टोकाला पिवळी पूड लागली. मादीच्या टोकावरही तीच पूड होती. फूल आपले आपण केव्हाच फळून बसले होते. आता त्याला कुठल्याही म्हाताऱ्याचे पराग लावा, काही उपयोग नव्हता.

दोघीही त्या पुडीकडे बघत राहिल्या. पंख्याची घरघर चालली होती.

"लहान कळ्या तुटायच्या गं," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी महाग झाली म्हणावे तसा. "चिमटा लावला की हात हलायचा आणि मादीच तुटायची. किती तुटल्या त्याला हिशेब नाही. झाडावर फुलं संपत आली. मग म्हटलं जरा मोठी घेऊन बघू. म्हटलं, आतून अजून सुटले नसतील पराग. सकाळी सकाळी नसतात कधीकधी सुटलेले."

"मला हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर तू आली असतीस," ताई म्हणाली.

धाकटीला ते पुरते कळायला एक क्षण लागला. आली असती तर तिला ताईचे हात दिसले असते. मग तिने चिमटा पुसून पिशवीत ठेवला. रागावावे असे तिला वाटले, आणि रागावायला काही सापडेना. त्या दिवसांत ताई दोन्ही हातांनी कप धरायला लागली होती, ते तिने पाहिले होते. रोज समोर बसून पाहिले होते, आणि थंडी आहे असे ती दोघींच्या वतीने म्हणत आली होती.

"एखादी कळी तरी वेळेत मिळाली असेलच ना?" ताईने विचारले. "सुरुवातीच्या दोनचार न तुटता निघाल्या होत्या. नक्की निघाल्या होत्या."

"असेल."

"ते शेवटचं रोप. त्याचं बी सुरुवातीच्या फळातलं असू शकतं."

"असू शकतं," धाकटी म्हणाली. ते खरेही होते. फळे एकत्र करून बी काढलेले. कुठले बी कुठल्या कळीचे हे आता कुणालाही सांगता आले नसते.

शेवटचे रोप दाराजवळ होते. ते उशिरा वाढले आणि उशिराच फुलले, त्यामुळे बाकीच्या ओळी उपटून झाल्या तरी ते एकटेच दोरीला टेकून उभे होते. माळीमामा त्याला सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी घालत. त्याच्यावर दोन फळे धरली, बाकीची फुले उन्हाने झडून गेली. फळे गोटीएवढी झाली, लिंबाएवढी झाली, मग वाढायची थांबली आणि आतून भरू लागली. ताई आता चालत जाण्याच्या स्थितीत राहिली नव्हती. ती रोज विचारी आणि धाकटी रोज सांगे. तळाशी चांदणीसारखी पांढुरकी छटा आली, तेव्हा धाकटीने एक फळ कापले. बी सुरीखालून निसटले. दुसरे तिने रुमालात गुंडाळून घरी आणले.

टेबलावर या खेपेला दोनच फळे होती, एक चिठ्ठीचे आणि एक तुलनेचे. ताई झोपल्यावर धाकटी शाल पांघरून खुर्चीत बसली. तुलनेच्या फळाने लालसर छटा धरली होती. दोन्ही फळे आकाराने सारखी, एकाच हरितगृहातली. चिठ्ठीचा दोरा सैल बांधलेला होता. तो या देठावरून काढून त्या देठाला बांधायला कितीसा वेळ लागणार होता. सकाळी ताई उठेल, लाल फळ बघेल, हसेल. तिने चिठ्ठी बोटांत धरली. मग पुढचेही तिला दिसले. ताई ते फळ ठेवून थोडीच देणार होती. त्यातले बी काढायला लावील, धुवायला लावील, सुकवायला लावील, आणि रोपे त्या नासलेल्या मातीत लावल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही. ती रोपे फळे धरण्याच्या सुमारास मान टाकतील. ताई तोवर असली तर ते बघेल, नसली तर लोक बघतील आणि म्हणतील, ताईंचा संकर हाच का तो. धाकटीने चिठ्ठी सोडली आणि गाठ घट्ट करून ठेवली.

सकाळी तिने दिवा लावला नाही. पडद्याच्या फटीतून आलेला उजेड पुरेसा होता. तिने फळ हातात घेऊन उलटे केले, मग सुलटे केले.

"झाला का रंग?" पाठीमागून ताईने विचारले. ती जागीच होती.

"झाला."

एसी मध्येच बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

"पिवळा आहे, ताई."

"देठाकडे बघ. कधी कधी देठाकडून चढतो."

"बघितलं."

"आणि तुझं ते?"

"लाल."

ताईने डोळे मिटले. तिचे हात चादरीच्या वर होते आणि हलत होते. तिने ते झाकले नाहीत.

"तो एसी बंद कर," ताई म्हणाली. "आणि खिडकी उघड. गारठून गेलेय मी इतके दिवस."

धाकटीने एसी बंद केला. खिडकीची कडी बऱ्याच दिवसांत काढली नव्हती, ती ओढावी लागली. खिडकी उघडली तशी बाहेरची झळ आत आली, भिंतीला लागून पसरली आणि टेबलावरच्या दोन्ही फळांवर घामासारखे पाणी जमू लागले. ते पुसायला ती रुमाल शोधू लागली, आणि मग शोधायचे थांबून पलंगाच्या कडेला बसली.